बारावी फाइल

१

कपाटात अकराच फाइली होत्या.

वायरलेसबाईंनी बोट फिरवत पुन्हा मोजल्या. अकरा. शनिवारी संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने बारा लावल्या होत्या. सोमवारी त्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होत्या. आज मंगळवार, सकाळचे सव्वानऊ. अकरा वाजता राज्याच्या शिक्षण खात्यातून निरीक्षक येणार होत्या, आणि त्या नेमक्या याच फाइली तपासणार होत्या.

बाईंनी फौजेत नऊ वर्षं बिनतारी यंत्रावर काढली होती, म्हणून त्यांना हे नाव पडलं. कानावरून गेलेलं त्या विसरत नाहीत असं कॉलेजात सगळे म्हणत, आणि ते बरंचसं खरं होतं. फौज सोडल्यावर त्या राज्याच्या सवलतीवर याच सरकारी कॉलेजातून पदवीधर झाल्या. आठ महिन्यांपूर्वी जिन्याखालच्या ‘माजी सैनिक कक्षा’चं काम त्यांच्याकडे आलं. एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर उघडणारी एक खिडकी आणि हे लोखंडी कपाट. फौजेत नोकरी करून शिकायला आलेल्या माणसाची फी राज्य माफ करतं. ज्यांना माफी मंजूर झाली, त्यांचे कागद या कपाटात असत.

बाराव्या फाइलच्या जागी एक टाइप केलेला कागद खोचलेला होता.

‘मी, सेवा क्रमांक ६१४८७, परिचर्या अभ्यासक्रम, तिसरे वर्ष, माझा शिक्षण सवलतीचा अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे. मूळ कागदपत्रे परत मिळाली.’ खाली सही. तारीख कालची.

ती फाइल ड्रायव्हरकाकांची होती. शेवटच्या परीक्षेला चार महिने उरलेले असताना एखादा माणूस स्वखुशीने सवलत सोडतो, हे बाईंच्या गळी उतरेना. पण कागद खरा धरला, तर पुरी फी भरावी लागणार, आणि ती परवडत नसल्याने दुपारनंतर ड्रायव्हरकाका या कॉलेजचे विद्यार्थी राहणार नव्हते.

बाईंनी कागद हातात घेतला आणि त्या तडक त्यांच्या वर्गाकडे निघाल्या.

२

ड्रायव्हरकाका प्रयोगशाळेत एका रबरी पुतळ्याच्या खांद्याला पट्टी बांधत होते. अवतीभवतीची मुलंमुली एकोणीस-वीस वर्षांची, हे अडतीसचे. म्हणून सगळ्या वर्गाचे ते काका, आणि वर्गात सर्वांत सफाईदार पट्टीही त्यांचीच.

कागद वाचून त्यांचा चेहरा उतरला. “बाई, मी काल कॉलेजात आलोच नाही. दिवसभर रुग्णालयात वॉर्डात होतो. साक्षीला सोळा माणसं आहेत. त्यांतली चार शुद्धीवर होती.”

“सही तुझी आहे?”

“माझ्यासारखी आहे. मी केलेली नाही.”

बाईंनी कोरा कागद पुढे केला. “इथे कर बघू.”

काकांनी पेन घेतलं, आधी ६१८४७ असं लिहिलं आणि मग त्याच्याखाली सही केली. लक्षात आल्यावर ओशाळून हसले. “फौज सुटली, ही खोड काही सुटली नाही.”

सह्या जवळजवळ सारख्याच होत्या. पण त्यांचा प्रवेश अर्ज कार्यालयात होता आणि त्याच्यावर सही होती. काचेवर कागद ठेवून गिरवायला फार कसब लागत नाही.

“फाइलमध्ये काय काय होतं?” बाईंनी विचारलं.

“सेवामुक्तीचा दाखला, जन्मदाखला, गुणपत्रिका. आणि ते खात्याचं पत्र.”

“कुठलं पत्र?” आपल्या आधी मंजूर झालेल्या फाइली बाईंनी कधी उघडून वाचल्या नव्हत्या.

“मला आधी नाही म्हणाले होते. मी सामानाचा ट्रक चालवायचो, लढाई काही पाहिली नाही. मग मी सरळ खात्याला पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं ते घेऊन रजिस्ट्रारकडे, भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी वाचलं आणि त्याच दिवशी मंजूर करून टाकलं. पत्र ते स्वतःकडे ठेवतो म्हणत होते, पण मी म्हटलं, असू द्या माझ्या फाइलला.”

“पत्रात काय होतं?”

“मी पात्र आहे म्हणून. पुढे कुठल्याशा परिपत्रकाचा नंबर होता. ‘पात्र’ वाचलं आणि माझं बाकीकडे लक्षच लागलं नाही.” ते पुतळ्याच्या खांद्यावरची पट्टी उगाचच सारखी करत राहिले. “बाई, पुराच्या वेळी मी माझ्या ट्रकमधून अकरा जखमी माणसं नेली. मागे माणसं कण्हत होती आणि मला फक्त गाडी चालवता येत होती. त्या रस्त्यावर मी ठरवलं होतं की हे शिकायचं. आता चार महिने राहिले.”

“राहिलेत ना? मग बस आणि पट्टी बांध,” बाई म्हणाल्या.

जिना उतरताना त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. दाखल्याची नक्कल महिन्याभरात मिळते, गुणपत्रिकेचीही मिळते. मग चोराला या फाइलमधलं नेमकं काय हवं होतं? की त्याला काहीतरी कोणाच्या नजरेला पडू द्यायचं नव्हतं?

३

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक बाईंच्या पर्समध्ये, दुसरी कार्यालयात हेडक्लार्कच्या पाठीमागे खिळ्याला. हेडक्लार्कना सगळे ‘नाहीबुवा’ म्हणत, कारण समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे.

“काल तुमच्या किल्लीला कोणी हात लावला?”

“नाही.”

“जेवायला गेला होतात तेव्हा?”

“नाही.”

“म्हणजे गेला नव्हतात?”

“नाही, गेलो होतो. दीड ते दोन. पण किल्लीला कोणी हात लावला नाही.”

“तुम्ही इथे नव्हतात, मग कसं सांगता?”

नाहीबुवांनी जरा विचार केला. “नाही, ते बरोबर आहे.”

त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, बारा सवलतधारकांची यादी टाचणीने लावलेली होती. निरीक्षकांसाठी गेल्या आठवड्यात केलेली. बाईंनी तिच्यावरून नजर फिरवली. “ड्रायव्हरकाकांशी तुमचं काही वाजलंय का?”

“नाही. चाळिशीच्या माणसाने पोरांच्या बाकावर बसावं हे मला पटत नाही, तेवढंच. पण शिकतो मात्र चांगला.”

नाहीबुवांच्या तोंडून एवढी स्तुती बाईंनी कधी ऐकली नव्हती.

काल दीड ते दोन कार्यालयात टायपिस्टताई एकट्या होत्या. त्या आधीच फुरंगटून बसल्या होत्या. “मी कशाला कोणाच्या कपाटाला हात लावू? गुरुवारी यादीवरून तुम्ही मला एवढं बोललात. तेव्हापासून मी बरी आणि माझं काम बरं.”

“काल या वेळात इथे कोण आलं होतं, एवढंच सांगा.”

“कोणी नाही. भाऊसाहेब सह्यांचे कागद न्यायला आले होते, ते रोजच येतात. मीही पाच मिनिटं पाणी प्यायला गेले होते.” मग त्या पुन्हा मूळ दुखण्यावर आल्या. “आणि गुरुवारी तरी चूक ती केवढी? एका नंबरातले दोन आकडे उलटे पडले. लगेच दुसरी यादी करून दिली होती की.”

बाई जागच्या जागी थांबल्या. बिनतारी यंत्रावर आकडे ऐकून ऐकून त्यांना एक सवय लागली होती. आकडा कागदावर दिसला तरी तो त्यांना ऐकू येई. एकसष्ट, चार, आठ, सात. आणि थोड्या वेळापूर्वी काकांनी लिहिलेला: एकसष्ट, आठ, चार, सात.

त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. माघारीच्या पत्रातला नंबर चुकीचा होता. आणि ही चूक त्यांच्या ओळखीची होती. गुरुवारच्या पहिल्या यादीत, ड्रायव्हरकाकांच्या नावापुढे, हेच दोन आकडे उलटे पडले होते. ती यादी टाइप करणारी बाई आत्ता त्यांच्यासमोर बसली होती.

“ताई,” बाई हळूच म्हणाल्या, “हे पत्र तुम्ही टाइप केलंत का?”

टायपिस्टताईंचा चेहरा पांढराफटक पडला. “नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

४

दहा वाजून दहा मिनिटांनी बाई रजिस्ट्रारच्या खोलीत शिरल्या. रजिस्ट्रारना लहानथोर सगळे भाऊसाहेब म्हणत. विद्यार्थ्याला उभं ठेवून न बोलणारा, आधी ‘बसा’ म्हणणारा माणूस. निवृत्तीला दोन महिने राहिले होते.

“बसा बाई.” त्यांनी पत्र वाचलं आणि सुस्कारा सोडला. “वाईट झालं. पण काय करणार? स्वखुशीने लिहून दिलंय.”

“त्याने लिहिलेलं नाही, भाऊसाहेब.”

“असं तो म्हणतो. घरचं काही असेल, आता पश्चात्ताप होत असेल. आज निरीक्षकांपुढे वाद नको. विद्यार्थ्याने माघार घेतली म्हणून सांगू. पुढच्या वर्षी मी त्याला दुसऱ्या एखाद्या योजनेत बसवतो. माझा शब्द.”

“पुढच्या वर्षी तुम्ही इथे नसाल.”

“जाताना सोय लावून जाईन.”

आवाज नेहमीसारखाच मऊ होता. बाईंनी मान खाली घातली आणि तेव्हा त्यांची नजर टेबलावरच्या ट्रेवर गेली. कागदांच्या ढिगाखालून एका खाकी पाकिटाचा कोपरा डोकावत होता. त्याच्यावर लाल शाईतलं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं: ‘सुधारित यादी’. पाकीट अजून चिकटवलेलंच होतं.

बाई उठल्या. “बरं,” एवढंच म्हणून बाहेर आल्या आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. येणारीजाणारी मुलं त्यांना वळसा घालून जात होती.

चुकीची यादी गुरुवारी दुपारी निघाली. एकच प्रत, आणि ती भाऊसाहेबांकडे सहीला गेली. तासाभराने, ऐकल्यासारखे आकडे डोक्यात घोळवताना, चूक बाईंच्या लक्षात आली. टायपिस्टताईंनी ती स्वतः दुरुस्त केली. नवी यादी नाहीबुवांच्या भिंतीवर लागली, खात्याला गेली. भाऊसाहेब तोवर गावाला निघून गेले होते, ते उगवले थेट सोमवारी. त्यांची प्रत बाईंनी शुक्रवारी पाकिटात घालून त्यांच्या ट्रेमध्ये ठेवली होती.

ताईंना खरा नंबर ठाऊक होता. त्या नंबरापायी बोलणी खाऊन त्यांनी तो दुरुस्त केला होता. नाहीबुवांच्या तर डोक्यावरच खरा नंबर लटकत होता. चुकीचा नंबर बरोबर समजून बसलेला माणूस साऱ्या कॉलेजात एकच होता.

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. निरीक्षक वेळेआधीच आल्या होत्या.

५

निरीक्षक पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. भाऊसाहेबांच्या खोलीत त्या, भाऊसाहेब, नाहीबुवा आणि वायरलेसबाई असे चौघं बसले. भाऊसाहेबांनी पत्र पुढे केलं. “बारापैकी एकाने माघार घेतली आहे. बाकी अकरा तयार आहेत.”

“ती माघार बनावट आहे,” वायरलेसबाई म्हणाल्या.

बाईंनी काकांनी लिहिलेला कागद पत्राशेजारी ठेवला, दोन्ही आकड्यांखाली नख फिरवलं आणि गुरुवारच्या यादीची हकीकत क्रमाने सांगितली.

“त्याच्याच हातून चुकलं असेल,” भाऊसाहेब म्हणाले.

“फौजेत पहिल्या दिवशी नंबर मिळतो, भाऊसाहेब. ताटावर तो, बुटावर तो, पेटीवर तो. मला फौज सोडून बावीस वर्षं झाली, झोपेतून उठवून विचारा, माझा नंबर चुकणार नाही. ड्रायव्हर आकडे उलटे लिहील, आणि नेमके तेच दोन, हे शक्य नाही. हे पत्र यादीत बघून टाइप झालंय, फाइल उचलायच्या आधी, आपल्या जागेवर निवांत बसून. आणि ती यादी फक्त तुमच्याकडे होती. नवी यादी तुम्ही अजून उघडलेलीही नाही. ती तिथे आहे.”

चौघांच्याही नजरा ट्रेकडे वळल्या.

“पण मी असं का करीन?” भाऊसाहेबांनी विचारलं. “त्याची सवलत मीच मंजूर केली होती.”

“मी तिथेच अडले होते,” बाई म्हणाल्या आणि निरीक्षकांकडे वळल्या. “मॅडम, ट्रक चालवणारा, लढाई न पाहिलेला माणूस सवलतीला पात्र ठरतो का?”

“अर्थात. पूर्वी लढाऊ सेवाच लागायची. तीन वर्षांपूर्वी नियम बदलला. सहा महिने कुठलीही सेवा पुरते. स्वयंपाकी, ड्रायव्हर, धोबी, कोणीही. परिपत्रक सगळ्या कॉलेजांना गेलंय.” निरीक्षकांच्या कपाळावर आठी पडली. “तुमच्या यादीत असा एकच कसा, हेच मी आज विचारणार होते.”

या आठ महिन्यांत वायरलेसबाईंनी अर्ज ठेवून घेऊन खिडकीतून स्वतः दोघांना परत पाठवलं होतं. एक स्वयंपाकी होता, एक शिंपी. ‘लढाऊ सेवा लागते’ असं त्यांना याच खोलीत सांगण्यात आलं होतं. त्या पुढे बोलल्या.

“ड्रायव्हरच्या फाइलमध्ये खात्याचं पत्र होतं, त्यात परिपत्रकाचा नंबर. तुम्ही ते वाचलं असतं की पुढचा प्रश्न आलाच असता: बाकीचे कुठे आहेत? म्हणून ती फाइल आज अकरा वाजता कपाटात असून चालणार नव्हतं.”

“हा सगळा तर्क झाला,” भाऊसाहेब म्हणाले. आवाज आता तितका मऊ नव्हता. “फाइल कुठे आहे? दाखवा.”

६

बाईंनी भाऊसाहेबांच्या टेबलावरून नजर फिरवली. पेन्सिली एका रांगेत, कागदांना अचूक कोपऱ्यात भोकं, जुन्या पाकिटांचे दोरेही गुंडाळून ठेवलेले.

“ती फाडलेली नाही,” बाई म्हणाल्या. “उभ्या जन्मात तुम्ही एक सरकारी कागद फाडला नसेल. तुमच्या हाताला ते जमणार नाही. तुम्ही ती कोणी बघणार नाही अशा जागी लावून ठेवली असेल. हेडक्लार्कसाहेब, नामंजूर अर्ज कुठे असतात?”

“वरच्या माळ्यावरच्या कपाटात.”

“तिथे कोणी जातं का?”

“नाही,” नाहीबुवा म्हणाले. या वेळी त्यांचं उत्तर अगदी बिनचूक होतं.

माळ्यावर धूळ होती, पण डाव्या कपाटाच्या मुठीवर नव्हती. आत दोरीने बांधलेला एक जाड गठ्ठा होता, त्याच्यावर ‘नामंजूर’ अशी चिठ्ठी. बाईंनी गाठ सोडली. वरून चौथी फाइल ड्रायव्हरकाकांची होती. खात्याचं पत्र आत जसंच्या तसं, टाचणीसुद्धा हललेली नव्हती.

पण बाईंचं लक्ष उरलेल्या गठ्ठ्याकडे गेलं. त्या एकेक अर्ज उलटत गेल्या. फौजेतला स्वयंपाकी, रसायनशास्त्र शिकायचंय. फौजी विमानतळावरचा मेकॅनिक, अभियांत्रिकी. छावणीच्या रुग्णालयात चादरी धुणारी बाई, शिक्षिका व्हायचंय. प्रत्येकावर भाऊसाहेबांच्या सुबक अक्षरातली एकच ओळ: ‘लढाऊ सेवा नाही. अपात्र.’ मोजले तर एकतीस. आणि गठ्ठ्याच्या अगदी तळाशी, व्यवस्थित भोकं पाडून लावलेलं, तीन वर्षांपूर्वीचं परिपत्रक.

निरीक्षकांनी ते वाचलं आणि भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. एवढ्या वेळात दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते.

“आलं तेव्हा मी वाचलंच नाही,” ते म्हणाले. “जुनंच असेल समजून फाइलला लावलं. ड्रायव्हर पत्र घेऊन आला तेव्हा कळलं. तोवर वीसजण परत गेले होते. तेव्हा सांगितलं असतं तर नुसती चूक होती. मी म्हटलं, उद्या सांगू. मग त्यानंतरच्यालाही नाही म्हणावं लागलं, नाहीतर आधीचे निघाले असते.”

“अकरा माणसं,” वायरलेसबाई म्हणाल्या. “तुम्हाला ठाऊक असताना परत पाठवलेली अकरा माणसं.”

भाऊसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

निरीक्षकांनी जबानी लिहून घेतली, चौकशी लावली आणि रजिस्ट्रारच्या खुर्चीचा कारभार दुपारच्या आत दुसऱ्याकडे सोपवला. मग त्या खाली जिन्याखालच्या खोलीत आल्या, दुसरी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “परिपत्रक लागू झालं त्या दिवसापासून हे सगळे पात्र आहेत. वयाची अट नाही. पुढच्या सोमवारी प्रवेश बंद होतात. एकतीस माणसं शोधता येतील?”

“माणसं शोधण्यातच माझी नऊ वर्षं गेलीत,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

७

पुढचे पाच दिवस जिन्याखालचा फोन थंड झाला नाही. जुने नंबर बंद, पत्ते बदललेले. एक जण दुसऱ्याचा पत्ता सांगे, दुसरा तिसऱ्याचा. टायपिस्टताईंनी एकतीस मंजुरीपत्रं टाइप केली, आणि प्रत्येकातला नंबर मोठ्याने दोनदा वाचून घेतला. बाईंनी त्यांची माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “ते राहू द्या हो, पुढचा नंबर सांगा.” ड्रायव्हरकाका वॉर्डातली पाळी संपवून येत आणि ज्यांचा फोन लागत नाही त्यांच्या दारी जाऊन येत. नाहीबुवांनी कोणी न सांगता व्हरांड्यात बाकं आणून मांडली. “उन्हात उभे राहतील का ते? नाही,” एवढंच ते पुटपुटले.

शिंप्याला फोन बाईंनी स्वतः केला. “मी तुम्हाला खिडकीतून परत पाठवलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी चुकले होते. या.” पलीकडे बराच वेळ नुसतं शिवणयंत्र चालत होतं. मग ते थांबलं. “किती वाजता?” शिंप्याने विचारलं.

सोमवारी सकाळी आठला बाई आल्या तेव्हा रांग फाटकापर्यंत गेली होती. स्वयंपाकी, मेकॅनिक, शिंपी, चादरी धुणारी बाई. कोणी कामाच्या कपड्यांत, कोणी कडक इस्त्रीचा सदरा घालून. पोक आलेली माणसंसुद्धा रांगेत नकळत ताठ उभी होती. एकेकाने खिडकीशी येऊन नंबर सांगितला, बाईंनी तो लिहिला, आणि ताईंनी शिक्का मारला. मेकॅनिकने पत्र घडी घालून खिशात ठेवलं, दोन पावलं गेला, पुन्हा काढून वाचलं. चादरी धुणारी बाई बावन्न वर्षांची होती. ती सरळ विचारती झाली, “वर्ग आजपासून की उद्यापासून?”

“आजपासून. दुसरा मजला.”

दुपारपर्यंत अठ्ठावीस झाले. दोघांनी केव्हाच दुसरी वाट धरली होती, त्यांनी आभाराची पत्रं पाठवली होती. शेवटी खिडकीशी एक बाई आल्या, हातात मंजुरीपत्र.

“हे माझ्या मिस्टरांच्या नावाचं आलंय,” त्या म्हणाल्या. “ते गेल्या वर्षी गेले. मी काही मागायला नाही आले. त्यांना फार लागलं होतं, आपली नोकरी सरकारने मोजली नाही म्हणून. एवढंच बघायचं होतं, हे खरं आहे का?”

“खरं आहे. पहिल्या दिवसापासून ते पात्र होते.”

त्या बाईंनी मान हलवली, पत्र छातीशी धरलं आणि त्या वळल्या.

“थांबा,” वायरलेसबाई म्हणाल्या. परिपत्रक गेल्या पाच दिवसांत त्यांना तोंडपाठ झालं होतं. “तुमचं शिक्षण कुठवर झालंय?”

“शाळा पुरी केली. पुढे राहून गेलं.”

“नववं कलम. सैनिक हयात नसेल तर हा हक्क त्याच्या पत्नीला मिळतो.” त्यांनी खिडकीतून एक कोरा अर्ज बाहेर सरकवला.

त्या बाई अर्जाकडे बघत राहिल्या. “नाव कोणाचं लिहू?”

“तुमचं.”

त्यांनी अर्ज खिडकीच्या लाकडी कठड्यावर सपाट केला, ताईंकडून पेन घेतलं, आणि पहिल्याच रकान्यात सावकाश, ठळक अक्षरांत स्वतःचं नाव लिहायला घेतलं.